टेबल फिरवा, वेबकॅम राहू द्या

व्हिडिओ कॉलवर चेहरा काळवंडलेला दिसला, हात हलवला की मागे त्याची सावली ओढली जायला लागली, की आसपासच्या जाणकारांचं निदान तयार असतं: लॅपटॉपचा कॅमेरा फालतू आहे, चांगला वेबकॅम घे. ऑफिसातला आयटीवाला हेच सांगतो, क्लासवाले सर हेच सांगतात, न्यू जर्सीतला पुतण्या तर थेट लिंकच पाठवून देतो. मग आकडे सुरू होतात. १०८०पी घेतला तर चालून जाईल, ४के घेतला तर प्रश्नच मिटला. अशा वेळी घरातलं कुणी दबकत विचारतं, 'मोबाईलचाच कॅमेरा लावला तर?' त्यावर जाणकार असे हसतात, की विचारणाऱ्याला आपण चपला घालून देवघरात शिरलो की काय असं वाटावं. ते म्हणे जुगाड. कामाच्या माणसाला शोभत नाही.

हे मत आता सामान्यज्ञान म्हणून खपतं, त्यामुळे कुणी ते तपासायच्या भानगडीत पडत नाही. तपासलं तर पाया कच्चा निघतो. घरून केलेल्या कॉलवरचं चित्र बहुतेक वेळा बिघडतं ते माणूस कुठे बसलाय, उजेड कुठून येतोय आणि कॅमेरा कोणत्या उंचीवर आहे यामुळे. या तिन्ही गोष्टी दुकानात मिळत नाहीत. आणि कॅमेरा खरोखरच कमी पडत असेल, तर त्याहून बरा कॅमेरा त्याच माणसाच्या खिशात असतो.

आधी त्या ४केचा हिशेब करू. ४के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके असतात. आता पंचवीस जणांची मीटिंग घ्या. फुल एचडी पडद्यावर पाच बाय पाच चौकटी मांडल्या, तर एकेका चौकटीच्या वाट्याला येतात ३८४ गुणिले २१६, म्हणजे सुमारे ८३ हजार ठिपके. विकत घेतलेल्या शंभर ठिपक्यांपैकी समोरच्याला दिसतो एक. उरलेले नव्व्याण्णव कुठे गेले? ते दुकानदाराच्या गल्ल्यात गेले.

बरं, दोघांचाच कॉल असेल तर? झूमनं दिलेल्या माहितीनुसार दोघांच्या कॉलमध्ये ७२०पी चित्राला सेकंदाला १.२ मेगाबिट पुरतात आणि १०८०पी पाठवायला ३.८ मेगाबिट लागतात. ४केचं नावच नको. घरातल्या एका वायफायवर मुलाचा क्लास, आजीची मालिका आणि शेजारच्यांना मोठ्या मनानं दिलेला पासवर्ड चालू असताना अ‍ॅप सगळ्यात आधी बळी देतं ते चित्राचाच. आवाज तुटला तर लोक कॉल बंद करतात, चित्र मऊ झालं तर कुणी ओरडत नाही, हे त्या अ‍ॅपला पक्कं ठाऊक असतं. ज्याला यूट्यूबसाठी व्हिडिओ रेकॉर्ड करून नंतर कापायचा-जोडायचा आहे, त्यानं ४के जरूर घ्यावा. सोमवारच्या मीटिंगसाठी तो घेणं म्हणजे पैसे वर आलेत असं समजायचं.

यावर जाणकार म्हणतील, ठिपके राहू द्या, पण लॅपटॉपचा कॅमेरा वाईट असतो हे तरी मान्य करा. मान्य. लॅपटॉपचं झाकण इनमिन काही मिलिमीटर जाड. त्यात भिंग आणि सेन्सर बसवायचे तर ते इवलेसेच असणार. अ‍ॅपलसारख्या कंपनीच्या, भारतात ९२,९०० रुपयांना आलेल्या २०२०च्या एम१ मॅकबुक एअरमध्येही ७२०पीचाच कॅमेरा होता, आणि त्याच कंपनीच्या आयफोनवर तेव्हा लोक लघुपट काढत होते. पण यातून निष्कर्ष काय निघतो? फोनमधला मागचा कॅमेरा लॅपटॉपच्या कॅमेऱ्यापेक्षा मोठ्या सेन्सरचा, चांगल्या भिंगाचा आहे, हाच ना? मग तिसरा कॅमेरा विकत आणण्याचा हट्ट कशासाठी?

मूळ दुखणं उजेडाचं आहे. ते समजून घेण्याची तसदी फारसं कुणी घेत नाही. सेकंदाला तीस चित्रं टिपायची तर एका चित्राला जास्तीत जास्त एक तीसांश सेकंद मिळतो. तेवढ्यात पुरेसा प्रकाश आत आला नाही, तर कॅमेऱ्यापुढे दोन वाटा उरतात. एक, जास्त वेळ थांबायचं. मग चित्रांची संख्या पंधरावर येते आणि हलणारा हात फरफटत गेल्यासारखा दिसतो. दुसरी, आलेला तोकडा संकेत आतल्या आत वाढवायचा. मग चेहऱ्यावर रवा भुरभुरल्यासारखे दाणे नाचू लागतात. हे दाणे दर चित्रात नव्या जागी असतात. व्हिडिओ दाबून लहान करणारी यंत्रणा तर जे बदललं नाही ते पुन्हा पाठवायचं नाही या तत्त्वावर चालते. तिला सगळंच बदललेलं दिसतं, आणि ती नाक-डोळे सोडून त्या दाण्यांवर डेटा उधळते. म्हणजे अंधारात बसलेल्या माणसाचं चित्र दोनदा खराब होतं: एकदा त्याच्या घरात आणि एकदा वाटेत. वीस हजारांचा वेबकॅमही याच नियमाला बांधलेला आहे. तो थोडा उशिरा हरतो, इतकंच.

आता मुंबईतली कुठलीही वन-रूम-किचन किंवा पुण्यातली भाड्याची खोली आठवा. खिडकी एकच. टेबल भिंतीला लावलेलं आणि खिडकी बसणाऱ्याच्या पाठीमागे, कारण मागून वारा छान येतो. कॅमेरा सगळ्या चित्राच्या उजेडाची सरासरी काढतो, खिडकी झगझगीत आहे हे पाहतो आणि छिद्र आवळून घ्यावं तसा प्रकाश कमी करतो. खिडकीबाहेरची इमारत सुरेख दिसते, तिच्यापुढे बसलेला माणूस मात्र साक्षीदाराची ओळख लपवल्यासारखा काळा ठिक्कर. तेच टेबल अर्धं वर्तुळ फिरवून चेहरा खिडकीकडे केला, ऊन थेट येत असेल तर पांढरा पडदा किंवा जुनी धोतरजोडी आडवी लावली, की त्याच 'फालतू' कॅमेऱ्यात माणूस दिसू लागतो. याला खर्च किती आला? टेबल ओढताना फरशीवर उठलेला ओरखडा.

संध्याकाळचा प्रश्न वेगळा, पण तोही कॅमेऱ्याचा नाहीच. डोक्यावरची ट्यूब डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पाडते. माणूस आठवडाभर झोपलेला नाही असं वाटतं. टेबललॅम्प थेट तोंडावर मारला तर कपाळ तेलकट चमकतं आणि चष्म्यात दिवा दिसतो. लॅम्पचं तोंड समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवायचं. भिंतीवरून परतलेला मऊ उजेड चेहऱ्यावर येतो. लॅम्प जवळ घेण्याचा फायदाही मोठा आहे: छोट्या दिव्याचं अंतर निम्मं केलं की उजेड जवळपास चौपट होतो. हे शाळेच्या पुस्तकात होतं, पण परीक्षा झाली की ते तिथेच राहिलं.

अमेरिकेहून भेट म्हणून येणाऱ्या वेबकॅमची एक गंमत याच उजेडाशी जोडलेली आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिकडची ६० हर्ट्झची. आपल्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. वेबकॅमची मांडणी ६० हर्ट्झवर असेल तर चित्रावर आडवे करडे पट्टे वरून खाली सरकत राहतात. पुतण्यानं कौतुकानं आणलेला वेबकॅम 'खराब निघाला' म्हणून माळ्यावर जातो. वास्तविक सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर किंवा पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी नावाची एक ओळ असते. तिथे ६०चे ५० केले की पट्टे गायब. स्वस्तातल्या एलईडी दिव्यांखालीही हे पट्टे दिसतात, तिथे दिवाच बदललेला बरा. पण सेटिंग उघडून पाहण्यापेक्षा नवा डबा उघडणं आपल्याला जास्त आवडतं.

उंचीबद्दल फार बोलायला नको. डेलनं ते जगाला दाखवून दिलं आहे. २०१५च्या एक्सपीएस १३ लॅपटॉपला पडद्याभोवती कडाच ठेवायची नव्हती, म्हणून कॅमेरा पडद्याच्या खालच्या पट्टीत गेला. लॅपटॉपचं कौतुक करणाऱ्या परीक्षकांनीच त्या कॅमेऱ्याला नाकपुडी-कॅमेरा म्हणून झोडपलं, आणि २०१९ साली कंपनीला तो पुन्हा वर न्यावा लागला. कॅमेरा त्याच दर्जाचा राहिला असता तरी जागा बदलल्यानं फरक पडलाच असता. मांडीवर किंवा बुटक्या टेबलावर लॅपटॉप ठेवणारे लोक घरोघर नेमकी तीच चूक करतात आणि समोरच्याला हनुवटी व छताचा पंखा दाखवतात. लॅपटॉपखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणला की हे संपतं. बोलताना टाइप करायचं असेल तर वेगळा कीबोर्ड लागेल, हे खरं. तोही वेबकॅमपेक्षा स्वस्तच पडतो.

आता फोनकडे वळू. तो लावणं म्हणजे जुगाड, अशी जी नाकं मुरडली जातात, त्यांना वेबकॅमचा जन्म कसा झाला याची कल्पना नसावी. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला, कारण जिने चढून जावं आणि भांडं रिकामं निघावं याचा इमारतीतल्या लोकांना वैताग आला होता. कॅमेरा बांधला होता रसायनशाळेतल्या साध्या लोखंडी स्टँडला. चित्र करडं, १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचं. १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि जगभरातले लोक परक्यांची कॉफी बघू लागले. २२ ऑगस्ट २००१ला तो कॅमेरा बंद झाला. ते भांडं लिलावात जर्मनीच्या 'श्पीगल ऑनलाइन'नं ३,३५० पौंडांना घेतलं. व्यावसायिकतेची एवढी चाड असती तर त्या दोघांनी आधी निविदा मागवल्या असत्या.

त्या कॉफीवरच्या कॅमेऱ्यानंतर जवळपास तीस वर्षांनी, जून २०२०मध्ये, पुण्यातल्या रसायनशास्त्राच्याच एका शिक्षिकेनं कपड्यांचा हँगर आणि कापडाच्या पट्ट्या यांच्या आधारे मोबाईल टांगला आणि फळ्यावर शिकवायला सुरुवात केली. तो व्हिडिओ देशभर फिरला. आणखी एका शिक्षिकेनं फ्रिजमधला पारदर्शक ट्रे दोन डब्यांवर आडवा ठेवून त्यावर फोन ठेवला आणि खाली कागदावर लिहीत शिकवलं. यांना जुगाडू म्हणून हसणाऱ्यांनी एक सांगावं: पडद्याच्या कडेला चिमटा मारून बसणारा पाच-सात हजारांचा वेबकॅम त्या कागदाकडे कसा वळवणार होते? वेबकॅम फक्त चेहऱ्याकडे बघायला शिकलेला असतो. ठाण्यात बसून कॅलिफोर्नियातल्या मुलाला तबला शिकवणाऱ्या गुरुजींचा चेहरा पाहून त्या मुलाला 'ती' आणि 'ना' यांतला फरक कळणार आहे का? तिथे बोटं दिसायला हवीत, पुडीवर बोट नेमकं कुठे पडतं ते दिसायला हवं. मोडी लिपीच्या वर्गात लेखणीचं टोक दिसायला हवं. फोन हव्या त्या कोनात ठेवता येतो, म्हणूनच तो या कामात उजवा ठरतो.

आणि मोठ्या कंपन्यांनी काय केलं? २०२०च्या टाळेबंदीत वेबकॅम बाजारातून नाहीसे झाले, तेव्हा कॅनन, फुजीफिल्म, निकॉन, सोनी या सगळ्यांनी आपापले फोटोचे कॅमेरे वेबकॅम म्हणून चालवणारी सॉफ्टवेअर घाईघाईनं आणली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अ‍ॅपलनं मॅकओएस व्हेंचुरासोबत कंटिन्युइटी कॅमेरा दिला: आयफोन लॅपटॉपच्या माथ्यावर अडकवा, मॅक त्याला आपोआप वेबकॅम मानतो. डिसेंबर २०२३ मध्ये गूगलनं अँड्रॉइड १४ चालणाऱ्या पिक्सेल फोनना तीच सोय दिली. यूएसबीनं जोडा, सूचना आली की वेबकॅम निवडा, कुठलं अ‍ॅपही लागत नाही. बाकी फोनांसाठी ड्रॉइडकॅम, आयरिअन, कॅमो ही अ‍ॅप्स आहेतच. शिक्षिकेनं केलं तर जुगाड आणि अ‍ॅपलच्या क्युपर्टिनोहून आलं तर सुविधा, हा कुठला न्याय?

उरलेल्या तक्रारी किरकोळ आहेत, तरी ऐकून घेऊ. फोन तापतो: जाड कव्हर काढा, चार्जिंगचा जाड विटेसारखा अडॅप्टर न लावता लॅपटॉपच्याच केबलवर चालवा, थेट उन्हात ठेवू नका. चित्र मागे राहतं, शब्द आधी येतात आणि ओठ नंतर हलतात: वायफाय सोडून केबल लावा. केबल लावली तरी लॅपटॉपला फोन दिसतच नाही: ती केबल नुसती चार्जिंगची असणार. स्टेशनबाहेर पन्नास रुपयांना मिळणाऱ्या पुष्कळ केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतात. बाहेरून पाहून हे ओळखता येत नाही आणि बिचाऱ्या अ‍ॅपला शिव्या बसतात. मध्येच मावशीचा फोन येतो: डू नॉट डिस्टर्ब नावाचं बटण मावशीला न दुखावता काम करतं. आणि कृपा करून पुढचा नव्हे, मागचा कॅमेरा वापरा, फोन आडवा ठेवून. स्वतःला बघायला लॅपटॉपचा पडदा समोर आहेच.

फळ्यावरची अक्षरं उलटी दिसतात म्हणून घाबरणारे शिक्षकही कमी नाहीत. स्वतःच्या पडद्यावरचं चित्र मुद्दाम आरशासारखं उलटं दाखवलेलं असतं. विद्यार्थ्यांना ते सुलटंच दिसतं. शंका असेल तर दुसऱ्या फोनवरून त्याच वर्गात शिरून एकदा पाहून घ्यावं. अक्षरं उलटी काढायचा सराव करू नये.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. त्यांना हा सगळाच खटाटोप नट्टापट्टा वाटतो. आवाज पोचला की झालं, थोबाड कसं का दिसेना. ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या सहकाऱ्याला हे जाऊन सांगा. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सेवेवर अंगावरचं पुरळ दाखवणाऱ्या रुग्णाच्या डॉक्टरांना सांगा; पिवळ्या बल्बखाली कावीळ झालेला आणि न झालेला माणूस ओळखून दाखवा म्हणावं. स्वतःला न्याहाळत बसण्याचा त्रास मात्र खरा आहे. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची जी कारणं मांडली, त्यांत स्वतःचा चेहरा सतत समोर असणं हे एक होतं. त्यावरचा उपायही फुकटचा आहे: एकदा चौकट नीट लावली की स्वतःचं चित्र लपवून टाकायचं.

एक सवलत द्यायला हरकत नाही. ज्याचे दिवसाचे सात-आठ तास कॉलवर जातात आणि ज्याला त्याच वेळी बँकेचा ओटीपी बघायला फोन हातात लागतो, त्यानं साधासा १०८०पी वेबकॅम घ्यावा. पण तोही खिडकीकडे पाठ करून बसला, तर काळाच दिसेल.

चीड येते ती हा सल्ला कुणाला दिला जातो ते पाहून. पहिल्या नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतीला बसणारा, सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहणारा मुलगा. 'चांगल्या वेबकॅमची व्यवस्था करावी' अशी ओळ त्याच्या मेलमध्ये येते आणि तो मेसच्या दोन महिन्यांच्या पैशांकडे बघू लागतो. त्याला कुणी विचारत नाही, की कॅमेऱ्यावरचं सरकतं झाकण उघडं आहे का. काळ्या पडद्याचं सगळ्यात साधं कारण तेच असतं. भिंगावर बोटांचा तेलकट थर आहे का, तो बनियनच्या टोकानं पुसून पाहिला का? दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपनं कॅमेरा आधीच धरून ठेवलाय का? खिडकी कोणत्या बाजूला आहे, फोनची केबल डेटाची आहे का? यातलं काहीही न विचारता 'नवा घे' म्हणणं हा बेजबाबदारपणा आहे, मग तो आयटी विभागाच्या लेटरहेडवर आला तरी. त्या मुलाकडे लागणारं सगळं आहे: फोन आहे, खिडकी आहे, फोन टेकवायला पुस्तकं आहेत. आणि मनुष्यबळ विभागाला उमेदवाराचा चेहरा खरोखरच स्वच्छ पाहायचा असेल, तर मुलाखत सकाळी अकराला ठेवावी. संध्याकाळी साडेसातची वेळ द्यायची, आणि चौघांच्या खोलीत एका ट्यूबखाली बसलेल्या पोरानं पदरच्या पैशांनी उजेड विकत आणावा अशी अपेक्षा करायची, हे बंद करावं.